स्टिअर या शब्दावरून आपलं भांडण

बाबा, मला तुमच्यावर संशय आहे.

परवा तुमच्या जलदानाचा कार्यक्रम झाला. विहारातून आणलेल्या सतरंज्या परत गेल्या, पाहुणे आपापल्या वाटेला लागले, आणि अर्जुनीच्या या घरात आता मी आणि आई अशा दोघीच आहोत. माणूस गेल्यावर त्याच्या आठवणी लिहायच्या असतात म्हणे. मला मात्र तुम्हाला जाब विचारावासा वाटतो आहे. आणि जाब द्यायची वेळ आली की तुम्ही जन्मभर जे करत आलात, तेच याही वेळी केलंत. दुपारी जेवून अंगणातल्या खुर्चीवर टेकलात, आईला म्हणालात, "चहा टाकजो," आणि चहा होईपर्यंतही थांबला नाहीत. एसटी चालवताना वेळेच्या आधी कधी स्टँड सोडलं नाही म्हणून मिरवणारा माणूस तुम्ही! मग याच वेळी एवढी कसली घाई झाली होती?

मी स्वभावानेच संशयी आहे. यात माझा दोष कमी आणि धंद्याचा जास्त. देवरीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवता शिकवता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासून नजर अशी झाली आहे की कोणी सरळ बोललं तरी मी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते आधी बघते. कॉपी पकडायची एक साधी युक्ती आहे, ती मी तुम्हालाही सांगितली होती. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, त्यावरून काही कळत नाही. पकडायची असते ती चूक. दोघांनी एकाच जागी एकच चूक केली की समजायचं, एकानं दुसऱ्याचं पाहिलं आहे. तुम्ही ते ऐकून मान डोलावली होती आणि म्हणाला होतात, "म्हंजे मास्तरीन, चुकीले मालक असते." तेव्हा मी हसले होते.

आपलं भांडण सुरू झालं ते एका शब्दावरून. तुम्ही रिटायर होऊन घरी बसला होतात आणि मी सुट्टीत आले होते. धड्यात स्टिअर हा शब्द होता, म्हणून मी डिक्शनरी उघडून ओट्यावर बसले. तुम्ही कान टवकारलेत. इंग्रजीतला तो एकच शब्द तुमच्या मालकीचा, अशी तुमची समजूत होती.

"स्टेरिंगचं काय लिवलं आहे त्यात?" तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं, बाबा, स्टेअरिंग ही नुसती वस्तू नाही. मूळ शब्द स्टिअर. क्रियापद आहे. वळवणं, दिशा देणं. गाडी स्टिअर करतात, नाव स्टिअर करतात, बोलणंसुद्धा स्टिअर करतात, म्हणजे कोणी नको त्या विषयावर आला की त्याला अलगद दुसरीकडे न्यायचं. स्टिअर क्लिअर म्हणजे लांबून जाणं, वाटेला न जाणं. स्टिअरिंग कमिटी म्हणजे जी स्वतः काम करत नाही, फक्त काम कुठे न्यायचं ते ठरवते. यावर तुम्ही म्हणालात, अशी कमिटी आपल्या डेपोतही होती. मग मी पुढे वाचलं की अमेरिकेत चुकीच्या सल्ल्यालाही स्टिअरच म्हणतात, फक्त आधी एक शिवीवजा शब्द लावतात. आणि त्याखाली वेगळ्या नोंदीत तोच शब्द पुन्हा होता: स्टिअर, म्हणजे खच्ची केलेला बैल.

तुम्ही विडी विझवलीत. "बैल? बैल कायले?"

हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग फक्त सारखं आहे, मुळं वेगवेगळी आहेत, असं मी परोपरीनं समजावलं. तुम्हाला ते पटलं नाही. हाकणाऱ्यालाही तोच शब्द आणि जो हाकला जातो त्यालाही तोच, यात इंग्रजांचा काहीतरी डाव आहे, असं तुमचं मत पडलं. मग तुम्ही मराठीवर आलात. आपल्याकडे बघ, म्हणालात, वळवणं आहे, वळण आहे, पोरीला वळण लावणं आहे, आणि वळू पण आहे. पण आपला वळू तो, जो कोणाच्या बापाला वळत नाही! या शोधावर तुम्ही इतके खूश झालात की आईला स्वयंपाकघरातून बोलावून पुन्हा सांगितलंत. आई म्हणाली, "घरातल्याच एकाचं नाव सांगून राह्यले काय?"

भांडण खरं पेटलं ते त्याच्यानंतर. तुम्ही म्हणालात, चांगलं स्टेरिंग कोणतं, सांगू? मागच्या सीटवर झोपलेल्या माणसाला गाडी वळली हे कळलंच नाही पाहिजे. तलावाच्या पाळीवरचं वळण असो की देवरीच्या जंगलातलं, त्याची मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला पडता कामा नये. मी म्हटलं, गाडीपुरतं ठीक आहे. पण माणसाला वळवायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही, याला दिशा देणं म्हणत नाहीत, बाबा. याला फसवणूक म्हणतात.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पोहचला त पाह्यजे न मानूस." आणि आईकडे चहा मागितलात. त्यानंतर दर सुट्टीत मी तो विषय काढायची आणि दर वेळी तुम्ही तो अलगद दुसरीकडे न्यायचात. बोलणं कसं स्टिअर करतात, हे मीच तुम्हाला वाचून दाखवलं होतं ना!

आता तुमच्या दुसऱ्या शब्दाविषयी. तुम्ही टर्निंगला रिटर्निंग म्हणायचात. रिटर्न फेरी आणि टर्निंग यांची तुमच्या डोक्यात कधीतरी गाठ पडली होती, आणि ती कोणाला सोडवता आली नाही. "सामने रिटर्निंग आहे, हाथ बाहेर नोको काढू." मी शाळेत असल्यापासून सुधारत आले. तुम्ही "बरं बरं" म्हणायचात आणि पुढच्या वळणावर पुन्हा रिटर्निंग. सगळ्या गोंदिया जिल्ह्यात ही चूक दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ऐकली नाही. म्हणजे असं मला वाटत होतं.

तुम्ही गेल्यानंतर भेटायला येणाऱ्यांत माझे शाळेतले हेडमास्तर सर आले. आता काठी टेकत चालतात. तुमच्या फोटोला फूल वाहिलं, हात जोडले आणि खुर्चीवर बसले. मी आईला देवरीला घेऊन जाणार आणि हे घर बंद करणार, असं मी सांगत होते. तेव्हा ते म्हणाले, "सुजाता, आत्ताच काही ठरवू नकोस. रिटर्निंगवर घाई करू नये."

माझ्या हातातली बशी तशीच राहिली.

कारण हे वाक्य मी सरांच्याच तोंडून पूर्वी एकदा ऐकलं होतं. बी.ए. झाले त्या उन्हाळ्यात. तिरोड्याचं स्थळ आलं होतं मला. मुलगा तिथल्या वीज प्रकल्पात कायम नोकरीला, घरचे लोक सालस, हुंड्याचं नाव नाही. सगळं नातंगोतं त्या स्थळावर लट्टू झालं होतं. मला नागपूरला जाऊन एम.ए. करायचं होतं, पण हे कोणाला मोठ्यानं सांगायची हिंमत होत नव्हती. तुम्ही काय म्हणालात? "तुयं तू ठरव. मी काई बोलत नाई." आणि खरंच काही बोलला नाहीत. बोलले ते सर. रस्त्यात थांबवून म्हणाले, "आयुष्यात एक रिटर्निंग येतं, सुजाता. तिथं घाई करू नये. थांबून बघावं." एवढा शिकलेला माणूस, मराठीचा शिक्षक, तो चूक करेल असं माझ्या मनात कसं येणार? मला वाटलं, सरांनी मुद्दाम तो शब्द वापरला आहे. रिटर्निंग, म्हणजे माणसाचं स्वतःकडे परत येणं. केवढा खोल विचार! मी स्वतःकडे परत आले, स्थळाला नाही म्हटलं आणि नागपूरला गेले. आणि बाबा, गेली कित्येक वर्षं बारावीच्या निरोपसमारंभात मी पोरींना हीच गोष्ट सांगते. सगळे एका बाजूला होते, मी एकटीनं ठरवलं, कोणाचं ऐकलं नाही. शेवटी रिटर्निंग या शब्दाचा अर्थ फोड करून सांगते. टाळ्या पडतात.

"सर," मी विचारलं, "हा शब्द तुम्हाला कुठे मिळाला?"

सर चहा ढवळत राहिले. साखर कधीची विरघळली होती. मग त्यांनी तुमच्या फोटोकडे असं पाहिलं, जसं वर्गात पकडलेला पोरगा शेजारच्याकडे पाहतो.

"तुझे बाबा आले होते माझ्याकडे," ते म्हणाले. "ड्युटीवरून थेट, खाकी कपड्यांतच. म्हणाले, सर, पोरीला एवढं एक सांगा, पण मी सांगितलं म्हणून सांगू नका. वाक्यही त्यांनीच दिलं. मी म्हटलं, भाऊ, टर्निंग म्हणतात. तर म्हणाले, नाही सर, आहे तसंच म्हणा. आणि माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं."

सर गेल्यावर मी सरळ शेवंता मावशीकडे गेले. स्टँडवर भाजी विकणारी, तुमच्या गाडीनं रोज येणारी-जाणारी, तुम्हाला भाऊ मानणारी. त्या उन्हाळ्यात तीही मला म्हणाली होती, "रिटर्निंगवर घाई नोको करू माय." तिच्या तोंडी तो शब्द तुमच्या गाडीतून आला असणार, म्हणून तेव्हा मी त्याकडे लक्षही दिलं नव्हतं. आता विचारलं तर तिनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, कळलं नाही. "भावानं शपथ घातली होती वो," म्हणाली. "आता भाऊच नाई त कायची शपथ?" आणि तुमचा कंडक्टर, ज्यानं मला गाडीच्या दारात उभं राहून नागपूरच्या होस्टेलची माहिती दिली होती, अगदी सहज, विषय निघाला म्हणून? त्याला मी विचारलंच नाही. एकाच जागी एकच चूक दोघांची सापडली की तिसरा पेपर तपासावा लागत नाही.

मला फार राग आला, बाबा. तुम्ही जाऊन थोडेच दिवस झालेत, लोक सांत्वनाला येतात, आणि मी मनात तुमच्याशी कडाकडा भांडते आहे, याची लाज वाटत होती, तरी राग जात नव्हता. माझ्या आयुष्यातला एकच निर्णय मी पूर्णपणे माझा म्हणून सांभाळला होता. त्याच्या जोरावर मी पुढे नोकरी धरली, माझ्या पसंतीनं लग्न केलं, वर्गात ताठ उभी राहते. तोच निर्णय तुमचा निघाला. मी मागच्या सीटवर झोपले होते, मान एका बाजूची दुसऱ्या बाजूला पडली नाही, आणि डोळे उघडले तेव्हा नागपूर आलं होतं. वर मला वाटत होतं, गाडी मीच चालवली.

राग होता आणि त्याच वेळी दुसरंही होतं. खाकी कपड्यांत सरांच्या ओट्यावर उभे राहिलेले तुम्ही डोळ्यांपुढून हलत नव्हतात. अंगाला डिझेलचा वास, शिकलेल्या माणसापुढे बोलताना आवाज खाली, आणि तरी वाक्य बदलायला नकार. माझ्यासाठी इतक्या दारांत कोण गेलं असतं? मी तुमची ऋणी आहे, हे मला माहीत आहे. पण कुठल्या गोष्टीसाठी ऋणी आहे, ते आधी कळायला नको का?

मी माझ्यापुरता निष्कर्ष काढून ठेवला होता. तुम्हाला ते स्थळ आवडलं नव्हतं. चारचौघांत नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून माझ्याकडून नाही म्हणवून घेतलंत. वर पुन्हा "तुयं तू ठरव" म्हणून मोकळे. काल दुपारी आई अंगणात लाखोळीची डाळ सुपात घेऊन पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि हे सगळं तिच्यासमोर मांडलं. बाबांना तो मुलगा पसंत नव्हता तर सरळ का बोलले नाहीत, असं विचारलं.

आईचं सूप थांबलं. "पसंत नोयता? कोन सांगतलं तुले?"

"मंग?"

"लय पसंत होता वो. तिरोड्याहून पाहून आले, त मले म्हने, दिवा घेऊन धुंडलं तरी असा जावई भेटनार नाई. मनातल्या मनात मांडव टाकून बसले होते थे."

मला काही समजेना. "मंग मले काऊन नाई सांगतलं? आन लोकाईले उलटं काऊन शिकवलं?"

"तुले सांगतलं असतं त तू हो म्हनली असती," आई म्हणाली. "सायन्सचं इसरली काय? त्याईनं एक डाव बोलता बोलता म्हनलं, घरात कोनी डाक्टर झालं पाह्यजे. बस. तू गेली सायन्सले. मन नोयतं तुयं, रडत रडत गेली. बारावीले नापास झाली, तरी बापाचं नाव नाई घेतलं. थे त्याईच्या मनाले लय लागलं होतं. मले म्हने, ही पोरगी माह्या तोंडाकडे पाहून पाय टाकते. माह्या मनाचं वजन सारं एका बाजूले पडून राह्यलं, दुसऱ्या बाजूले कोनीतरी बसवा लागन, नाई त गाडी कलंडते."

तिनं पुन्हा सूप उचललं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. हेही तुम्हीच तिला पढवून ठेवलं असेल का, असं माझ्या मनात आलंच. सवय आहे. मी उलटसुलट विचारून पाहिलं. तेव्हा ती चिडली. म्हणाली, मलाही ते स्थळ हवं होतं, तुझ्या बापानं हातचं घालवलं, म्हणून मी त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते, आणि आता तू आणखी माझी परीक्षा घेऊ नकोस. तिचा तो राग इतका जुना आणि खरा होता की माझा संशय तिथेच संपला.

मग ती म्हणाली, "तिरोड्याहून आले त्या दिशी किती येळ पाय धुत होते, ध्यान हाये?"

आहे. आत्ताच आठवलं, पण स्वच्छ आठवलं. तुम्ही फाटकातून आलात आणि सरळ मोरीकडे गेलात. मी टॉवेल घेऊन मागे उभी राहिले. विचारलं, "बाबा, मुलगा कसा आहे?" तुम्ही वाकून पायांवर पाणी घेत राहिलात. घोटे चोळले, टाचा चोळल्या, बोटांमधली धूळ काढली, पुन्हा पाणी घेतलं. त्या दिवशी पाऊस नव्हता, चिखल नव्हता, पायांना एवढं काही लागलेलं नव्हतं. मी पुन्हा विचारलं. तुम्ही खाली मानेनंच म्हणालात, "तुयं तू ठरव," आणि हात मागे करून टॉवेल मागितलात. मला वाटलं, बाबांचा चेहरा पडला आहे आणि तो मला दिसू नये म्हणून ते वर बघत नाहीत. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले. मी पेपर तपासणारी बाई, आणि एवढं साधं चुकीचं वाचलं.

आता तो निर्णय माझा होता की तुमचा, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही, बाबा. तुम्ही मला वळवलंत की माझ्यावरचा तुमचाच भार काढून घेतलात? तुम्ही असतात तर यावर आपलं पुन्हा भांडण झालं असतं, आणि तुम्ही पुन्हा चहा मागितला असतात. एवढं मात्र मला आज पक्कं माहीत आहे की त्या दिवशी मोरीपाशी तुम्ही एकदा जरी मान वर केली असती, तर तुमचा आनंद मला दिसला असता, आणि मी हो म्हटलं असतं.